प्राध्यापकांचा सन्मान कोणी करावा?

विद्यापीठीय शिक्षकाच्या अध्यापनाची पारख कोणी करावी, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. ग्रंथ मोजता येतात, शोधनिबंध मोजता येतात; परंतु तासाभरात विद्यार्थ्याच्या मनात कोणते विचार रुजले, ते तोलण्याची तागडी अद्याप कोणाला सापडलेली नाही.

परमपूज्य बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेथील प्रथा या संदर्भात आम्हांस मननीय वाटते. कवी मार्क व्हॅन डोरेन यांनी १९२० ते १९५९ पर्यंत तेथे इंग्रजीचे अध्यापन केले. त्यांच्या नावाने १९६२ पासून उत्कृष्ट अध्यापनाचा पुरस्कार दिला जातो, आणि निवड समितीत असतात ते पदवीचे विद्यार्थी! नावे सुचविली गेली की हे विद्यार्थी त्या त्या प्राध्यापकाच्या वर्गात जाऊन बसतात, व्याख्याने ऐकतात, आपसांत वाद घालतात आणि मगच निर्णय देतात. फायलीतील प्रमाणपत्रांपेक्षा प्रत्यक्ष वर्ग हाच तेथे पुरावा मानला जातो. त्याच विद्यापीठातील माजी विद्यार्थ्यांची संस्थाही १९४९ पासून 'थोर शिक्षक' पुरस्कार देत आली आहे.

बाबासाहेबांनी आपल्या गुरूंचे ऋण असेच उघडपणे मानले. १९३० साली तेथील माजी विद्यार्थ्यांच्या पत्रिकेत त्यांनी ड्युई, शॉटवेल, सेलिग्मन व रॉबिन्सन या प्राध्यापकांची नावे आपल्या जिवलग सुहृदांत घातली. ५ जून १९५२ रोजी कोलंबियाने त्यांना सन्माननीय पदवी अर्पण केली, त्याच्या अवघ्या चार दिवस आधी जॉन ड्युई निवर्तले होते.

आपल्या देशात शिक्षकांसाठी राष्ट्रीय पुरस्कार १९५८ पासून आहेत. मात्र उच्च शिक्षणातील अध्यापकांना त्यांत स्थान मिळाले ते २०२३ साली. त्या वर्षी असे १३ अध्यापक निवडले गेले. पासष्ट वर्षांचा हा विलंब आम्हांस समर्थनीय वाटत नाही. शिवाय तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबणारे आपल्या समाजातील कितीतरी उच्चविद्याविभूषित तरुण नियमित नियुक्तीअभावी अशा सन्मानांच्या उंबरठ्याबाहेरच राहतात. (त्यांना सत्काराच्या शालीआधी नियमित वेतन हवे, हे खरेच.)

अध्यापनासोबत सेवेचाही विचार व्हावा. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात व पुढे विद्यापीठात शिकविणाऱ्या डॉ. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' नियतकालिक दीर्घकाळ चालविले. नवोदितांचे लेखन छापणे, त्यांचे मेळावे भरविणे, लिहिते ठेवणे, हे काम वर्गाच्या भिंतींबाहेरचे आणि कोणत्याही गुणांकनात न बसणारे होते. आज नावाजलेल्या कितीतरी लेखकांची पहिली ओळख त्या अंकांतून झाली. शासनाने त्यांना पद्मश्री जाहीर केली ती जानेवारी २०१८ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी. आणि २७ मार्च २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.