शून्याचे इमान

ग्वाल्हेर हे नाव निघाले की मराठी मनात प्रथम उभी राहते ती झाशीच्या राणीची समाधी, आणि पाठोपाठ कानांत घुमते ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात आणून रुजविलेली ख्यालगायकी. शिंद्यांच्या या जुन्या राजधानीशी आपले नाते पराक्रमाचे आहे आणि सुरांचेही आहे. आज मात्र आम्हांस या शहराची आठवण निराळ्याच कारणाने होत आहे. अंतराळप्रवास आणि राजकीय भ्रष्टाचार हे दोन विषय एकत्र आले म्हणजे कोणासही एखादी साहसी विज्ञानकथा आठवावी. परंतु हे दोन्ही धागे या एका शहरात प्रत्यक्षात येऊन मिळालेले आहेत.

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चढणाऱ्या वाटेवर खडकात कोरलेले एक लहानसे चतुर्भुज मंदिर आहे. तेथील शिलालेख विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६ चा. देवासाठी दिलेली बाग २७० हात लांब व १८७ हात रुंद आहे आणि तिच्यातून रोज ५० माळा देवाला अर्पण व्हाव्यात, असा त्याचा मजकूर. या २७० मध्ये आणि ५० मध्ये जे चिमुकले वर्तुळ कोरले आहे, ते कालनिश्चिती झालेल्या भारतीय शून्यांपैकी सर्वांत जुन्यांत गणले जाते. जगभरचे गणिती ते पाहण्यास येतात. आम्हांस त्यात आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. हे शून्य कोणा पंडिताच्या पोथीत सापडलेले नाही, ते सार्वजनिक दानाच्या हिशेबात सापडले आहे. बाग किती, माळा किती, हे सर्वांच्या डोळ्यांदेखत दगडात कोरावे, म्हणजे पुढे कोणी हातचलाखी करू नये, हाच अशा लेखांचा हेतू. शून्याचा असा पहिला उपयोग इमानासाठी झाला.

त्याच ग्वाल्हेरात १९२४ साली जन्मलेल्या अटलबिहारी वाजपेयी यांनी १५ ऑगस्ट २००३ रोजी लाल किल्ल्यावरून चांद्रयानाची घोषणा केली. २२ ऑक्टोबर २००८ रोजी ते यान झेपावले. उलटी मोजणी शून्यावर आल्याखेरीज अग्निबाण जमीन सोडीत नाही. किल्ल्यावरच्या त्या वर्तुळापासून चंद्राच्या कक्षेपर्यंतची ही वाट कोणाही भारतीयाची मान ताठ करणारी आहे.

परंतु याच शहराने शून्याची विटंबनाही पाहिली. मध्य प्रदेशातील व्यावसायिक परीक्षा मंडळाचा, म्हणजे ‘व्यापम’चा, घोटाळा २०१३ साली उघडकीस आला. त्याची पाळेमुळे ज्या शहरांत खोल गेली होती त्यांत ग्वाल्हेर अग्रभागी होते. तेथील गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयातील अनेक विद्यार्थी या प्रकरणात अडकले. पद्धती ठरलेल्या होत्या. कोठे खऱ्या उमेदवाराच्या जागी तोतया बसे. कोठे हुशार मुलगा ‘इंजिन’ म्हणून पुढे आणि पैसे मोजणारा ‘डबा’ म्हणून मागे, अशी आसनक्रमांकांची जुळणी होई. कोठे उत्तरपत्रिका कोरीच ठेवली जाई आणि तिच्यावरील गुण मागाहून भरले जात. मंत्रिपद भूषविलेल्या व्यक्तीपर्यंत अटकेचे सत्र पोहोचले. ग्वाल्हेरमधल्याच एका तरुणाने या प्रकाराविरुद्ध आवाज उठविला, तर त्याला पोलीस संरक्षण द्यावे लागले. जुलै २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये ६३४ विद्यार्थ्यांचे वैद्यकीय प्रवेश रद्दबातल ठरविले. ज्या शहराने हिशेब चोख राहावा म्हणून शून्य दगडात कोरले, तेथेच शून्याचे शंभर करण्याचा बाजार भरला!

आता वाचकांनी क्षणभर एक विज्ञानकथा कल्पावी. शतकाच्या अखेरीस एक भारतीय यान मंगळाकडे निघाले आहे. त्यात दहा प्रवासी आहेत. मार्गाचे गणित ज्याच्या हाती, तो मंत्र्याच्या शिफारसीने निवडला गेलेला. त्याची परीक्षा दुसऱ्यानेच दिलेली. प्राणवायूच्या टाक्यांचा कंत्राटदार पक्षाच्या निधीस हातभार लावणारा. त्याच्या मालाची तपासणी कागदावरच झालेली. पृथ्वीवर हे सारे खपून गेले. चौकशी समिती नेमता आली, अहवाल दडपता आला, फिर्यादीची बदली करता आली. परंतु चार महिन्यांच्या प्रवासानंतर टाकीची झडप गळू लागते, तेव्हा त्या पोकळीत कोणाचा वशिला चालणार? तेथे दूरध्वनी करून निकाल फिरविता येत नाही. कथेतील खलनायक परग्रहावरून आलेला नसतो, तो आपल्याच कचेरीत बसलेला असतो.

ही निव्वळ कल्पना आहे असे कोणी म्हणेल. तसे नाही. अमेरिकेच्या ‘नासा’ने २००९ आणि २०११ साली पृथ्वीच्या वातावरणाचा अभ्यास करणारे दोन उपग्रह गमावले. दोन्ही वेळी अग्निबाणाच्या टोकावरील आवरण वेळेवर सुटलेच नाही. सुमारे ७० कोटी डॉलर पाण्यात गेले. कारण कळावयास २०१९ साल उजाडले. ॲल्युमिनियमचे भाग पुरविणाऱ्या एका कंपनीने तब्बल एकोणीस वर्षे धातूच्या चाचण्यांचे आकडे खोटे लिहिले होते. चाचणीत न उतरलेला माल कागदावर उतरला होता. कागद फसला, ग्राहक फसला, मोठमोठे शास्त्रज्ञ फसले. निसर्ग तेवढा फसला नाही.

उलट बाजूही पाहावी. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चे अवतरक यान चंद्रावर कोसळले. आपल्या शास्त्रज्ञांनी अपयशास अपयश म्हटले, चुका शोधल्या, सुधारल्या, आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात अलगद उतरले. शून्यास शून्य म्हणण्याचे धैर्य ज्याच्यापाशी असते, त्यालाच पुढचा आकडा लाभतो.

येथे आम्हांस डॉ. जयंत नारळीकर यांची एक गोष्ट आठवते. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. अक्षरावरूनही ओळख पटू नये म्हणून ती दुसऱ्या हाताने लिहवून घेतली. जगद्विख्यात शास्त्रज्ञाचे नाव पाहून परीक्षकांनी झुकते माप देऊ नये, एवढाच उद्देश. कथेस पहिले पारितोषिक मिळाले. एकाने न कमावलेले गुण मिळू नयेत म्हणून नाव लपविले. दुसऱ्यांनी न कमावलेले गुण मिळावेत म्हणून नावे बदलली. आपल्या मुलांपुढे यांपैकी कोणता आदर्श ठेवावयाचा, हा आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न दूरच्या ग्वाल्हेरचा आहे असे समजून आपण किनारपट्टीवाल्यांनी निश्चिंत राहू नये. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा उपग्रहांनी धाडलेल्या छायाचित्रांवरून आधीच इशारा मिळाला होता. त्यावर विसंबून होड्या परत फिरल्या, हजारो माणसे सुरक्षित जागी गेली. त्या इशाऱ्यामागे कोणा अनोळखी माणसाने प्रामाणिकपणे दिलेली परीक्षा आणि प्रामाणिकपणे तपासलेला एखादा सुटा भाग होता. ज्याला वारा कळत नाही त्याच्या हाती आपला कोणताही नाखवा सुकाणू देणार नाही, मग तो कितीही पैसे मोजो. मग आपल्या आजारी आईची नाडी आपण कोणाच्या हाती देतो?

२०२४ साली केंद्राने सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध कायदा केला आणि संघटित टोळ्यांस दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली. ते योग्यच झाले. परीक्षा मंडळांवरील राजकीय हात दूर व्हावा आणि गैरप्रकार उघड करणाऱ्यास शासनाने खरे संरक्षण द्यावे, ही आमची मागणी आहेच. परंतु कायदा लाच घेणाऱ्याला धरील. ती देण्यासाठी जमीन विकून पैसा उभा करणाऱ्या बापाला कोण थांबविणार? मुलाच्या प्रेमापोटीच तो हे करतो, हे आम्ही जाणतो. तरीही त्याला सांगणे भाग आहे, की नापास झालेला मुलगा पुन्हा परीक्षेस बसू शकतो. विकत घेऊन पास झालेला मुलगा जन्मभर परीक्षेत नापासच राहतो.

ग्वाल्हेरच्या खडकावरील ते शून्य अकराशे वर्षे ऊनपावसात टिकले आहे, कारण कोरणाऱ्याने ते जेथे हवे तेथेच कोरले. आपण आपल्या मुलांच्या गुणपत्रिकेवर ते जेथे येईल तेथे येऊ द्यावे. चंद्रावर जाण्याची वाट तेथूनच सुरू होते.