गाठ उरली, आजार उरला काय?

बेळगाव-निपाणीकडील खेड्यांत मानेला गाठ उठली की वडीलधाऱ्यांच्या तोंडी प्रथम गंडमाळेचे नाव येते. पुष्कळदा ते खरेही ठरते. परंतु तशीच दिसणारी, बहुधा न दुखणारी गाठ लिंफोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचीही असू शकते. गाठीचा तुकडा तपासल्यावाचून निवाडा होत नाही. यांपैकी हॉजकिन लिंफोमा हा प्रकार अनेकांना ऐन तारुण्यात गाठतो, आणि योग्य उपचाराने बहुतेक रोगी बरे होतात.

केमोथेरपीने गाठ लहान होते, पण पुष्कळदा साफ जात नाही. उरले ते जिवंत रोगाचे मूळ की नुसता वण, हे साधा सीटी स्कॅन सांगू शकत नाही. तो आकार तेवढा दाखवितो. म्हणून पूर्वी बहुतेकांना किरणोपचार देत. (कोणी त्यास शेक म्हणतात, कोणी लाईट.) रोग हटे, परंतु तरुणपणी छातीवर किरण घेतलेल्या स्त्रियांत दहा-वीस वर्षांनी स्तनाचा कर्करोग, आणि स्त्रीपुरुष दोघांतही हृदयविकार अधिक आढळू लागले.

पेट स्कॅनने येथे मदत केली. साखरेसारखे एक किरणोत्सर्गी द्रव्य शिरेतून देतात. जिवंत रोगपेशी ते अधाशीपणे ओढून घेतात व चित्रात उजळतात; वण सहसा उजळत नाही. या द्रव्याचा प्रभाव दर ११० मिनिटांनी निम्मा होतो, म्हणून ते साठवून ठेवता येत नाही. गाठीच्या उजेडाची तुलना यकृताच्या उजेडाशी करून १ ते ५ असे गुण देतात.

ब्रिटनमधील एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. रोग आरंभीचा, तीन फेऱ्या औषधानंतर स्कॅन स्वच्छ. अशांपैकी किरण घेतलेले ९४.६ टक्के व न घेतलेले ९०.८ टक्के रोगी तीन वर्षांनी रोगमुक्त होते. म्हणजे किरण टाळण्यास थोडी किंमत आहेच. बावीस वर्षांच्या मुलीची छातीतील गाठ आणि साठीतल्या गृहस्थाची मानेतील गाठ यांना एकच माप लावू नये, असे आम्हांस वाटते.

घरी मात्र संध्याकाळच्या रोझरीनंतर कुजबुज होते: डॉक्टरांनी लाईट दिला नाही, हयगय तर झाली नाही ना? स्कॅन पाहून, विचारपूर्वक किरण न देणे ही हयगय नव्हे. तसेच स्कॅन उजळला व किरण सांगितले, तर अर्ध्यावर सोडून येऊ नये. मात्र क्षयाची गाठही या स्कॅनमध्ये उजळते. आपल्या भागात हे विसरून चालत नाही. तेव्हा उजळलेल्या गाठीचा पुन्हा तुकडा घ्यावा काय, हे डॉक्टरांस अवश्य विचारावे, आणि उपचारापूर्वीचा पहिला स्कॅन तुलनेसाठी जवळ बाळगावा.