रोझमेरी : रानझुडपातील ऑक्सिडीकरणरोधक

वनस्पती : भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या, खडकाळ टेकड्यांवर आपोआप वाढणारे, तुळशीच्या कुळातील सदाहरित झुडूप. लिनीअसने १७५३ साली दिलेले ‘रोझमॅरिनस ऑफिसिनॅलिस’ हे नाव मागे पडून अलीकडे ते ‘साल्व्हिया’ प्रजातीत दाखल झाले आहे. मोरोक्को, ट्यूनिशिया, स्पेन येथे रानातूनही तोड होते.

कार्य : तेलातुपातील असंतृप्त मेदाम्लांचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन मुक्त मूलकांची जी साखळी सुरू होते, आणि जिच्या अखेरीस पदार्थ खवट होतो, ती साखळी स्वतःजवळील हायड्रोजन अणू देऊन मध्येच तोडणारे द्रव्य ते ऑक्सिडीकरणरोधक. जंतूंचा बंदोबस्त हे परिरक्षकांचे काम. एकदा आलेला खवटपणा मात्र कोणताही रोधक परतवीत नाही.

घटक : रोझमेरीत हे काम करणारी द्रव्ये म्हणजे कार्नोसिक अम्ल व कार्नोसॉल, दोन्ही मेदात विरघळणारी. तिसरे रोझमॅरिनिक अम्ल पाण्यात विरघळते. ते १९५८ साली इटलीत प्रथम वेगळे केले गेले. सुवास येतो तो कापूर, सिनिऑल इत्यादी बाष्पनशील द्रव्यांचा; त्यामुळे अर्क निर्गंध केला तरी त्याचा गुण शाबूत राहतो, ही गोष्ट कारखानदारांच्या चांगलीच पथ्यावर पडली आहे.

दप्तरी नोंद : १९५२ साली अमेरिकेत ३२ मसाले डुकराच्या चरबीत तपासले असता रोझमेरी व सेज सर्वांत प्रभावी ठरले. युरोपीय संघाने २०१० साली रोझमेरीच्या अर्कास ई ३९२ या क्रमांकाने मंजुरी दिली. बीएचए व बीएचटी या कृत्रिम ऑक्सिडीकरणरोधकांचे क्रमांक ई ३२० व ई ३२१.