‘वन वन बी’ आणि गरवारे पॉइंटचा चहा

१४ सप्टेंबर २०२१, गौरी विसर्जनाचा दिवस. रात्री फोन सायलेंटवर टाकून झोपलो आणि सकाळी उठलो तर डिस्पॅचचे अकरा मिस्ड कॉल. “साहेब, बिल निघत नाहीये. दोन गाड्या गेटवर उभ्या आहेत.” प्रिंटर बंद करून चालू करा, हा आमच्या धंद्यातला पहिला मंत्र म्हणून झाला होता. केबल काढून, फुंकर मारून लावूनही झाली होती. मी या कारखान्याचे संगणक सांभाळतो; नाशिकच्या अंबडला पोहोचेपर्यंत स्टोअर, अकाउंट्स, क्वालिटी, सगळीकडचे शेअर केलेले प्रिंटर गेले होते. स्क्रीनवर एक लांबलचक नंबर, मधे शून्यांची रांग आणि शेवटी ‘वन वन बी’.

नऊच्या सुमारास गोंद्याच्या एका कारखान्यातल्या मित्राचा फोन आला. हॅलोसुद्धा नाही. “तुझ्याकडे पण वन वन बी का रे?” त्याची पहिली पाळी सहाची, त्यामुळे तो माझ्या तीन तास पुढे होता. पुढच्या दहा मिनिटांत त्याने मला ते सांगितलं जे शोधायला माझी दुपार गेली असती.

झालं होतं असं. विंडोजची सुरक्षा अपडेटं दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. २००३च्या ऑक्टोबरपासूनचा हा रिवाज. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, त्यांचं हिवाळी घड्याळ लागलं की साडेअकरा. म्हणजे मंगळवारचं वादळ आमच्या दारात बुधवारी सकाळी. त्या वर्षी जून-जुलैत छपाईच्या यंत्रणेतलं ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाचं मोठं भगदाड उघडकीस आलं होतं आणि पुढचे काही महिने त्या भागाला एकामागून एक कुलपं लागत होती. सप्टेंबरच्या अपडेटने प्रिंटर शेअर करणाऱ्या संगणकाला बजावलं की छापायला सांगणाऱ्याचं बोलणं पूर्ण सांकेतिक असेल तरच ऐकायचं. ज्याला ते जमेना त्याला दार बंद.

उपाय दोन होते: अपडेट काढून टाकायचं, नाहीतर रजिस्ट्रीत एक नोंद शून्य करून कडी पुन्हा सैल करायची. दोन्हींत नवं कुलूप परत उघडं. मी फक्त डिस्पॅचची कडी सैल केली, गाड्या सोडल्या आणि बाकीच्यांना दोन दिवस पेन ड्राइव्ह घेऊन फिरायला लावलं. चूक माझीच. साठच्या साठ पीसींवर अपडेट एकाच रात्री सोडलं होतं. चाचणीपुरती दोन-तीन यंत्रं बाजूला ठेवायची हे मला माहीत होतं, केलं नव्हतं.

मग अपडेट घेऊच नये का? मालक मंडळींचा हा आवडता प्रश्न. त्यांना मी २०१७ सांगतो. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारं अपडेट १४ मार्चलाच आलं होतं. ज्यांनी दोन महिने पुढे ढकललं ते सापडले. इथवर मालक मान हलवतात. पण त्याच वर्षी २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला, तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. मर्स्क या जहाज कंपनीचं जाळं त्यात कोसळलं आणि आपल्या जेएनपीटीमधलं त्यांच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. नाशिकची द्राक्षं आणि कांदा बोटीत चढतो तो याच न्हावा-शेव्याला. म्हणजे एकाच वर्षात एकदा अपडेट न घेणारे मेले, एकदा घेणारे.

मर्स्कच्या गोष्टीतला मला आवडणारा भाग पुढेच आहे. कुणाला कुठे प्रवेश याची अख्खी वही सांभाळणारे त्यांचे जगभरातले सर्व्हर एकमेकांची नक्कल ठेवत. ते सगळे एकदमच पुसले गेले. एक वाचला, घानामधला. कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. त्या एका प्रतीवरून त्यांनी घर पुन्हा उभारलं, दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी. महावितरणला शिव्या घालताना मला अधूनमधून घाना आठवतं.

अपडेटचाच आणखी एक फटका: १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीची सदोष फाइल सुटली तेव्हा आपल्याकडे सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं झाली होती. ७८ मिनिटांत ती मागे घेतली, तोवर सुमारे ८५ लाख यंत्रं आडवी. विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहिले गेले. बरोबर आठवड्याने, जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी, ‘सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कौतुक दिन’ होता. २०००पासून पाळतात म्हणे. आमच्याकडे अजून कुणी पेढा दिलेला नाही.

अमेरिकेत आमच्या जमातीसाठी ‘लिसा’ नावाची परिषद १९८०च्या दशकापासून भरायची, २०२१ला ती संपली. आमची परिषद गरवारे पॉइंटच्या टपरीवर शनिवारी संध्याकाळी भरते. पाच-सहा जण; कुणी पगारी, कुणी एएमसीवाले, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारावरचे, एक जण सिन्नरहून येतो. कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक असतात, पण त्यांचे सिस्टिमवाले एकमेकांना स्विच उसना देतात. नियम एकच, कुणी लिहिलेला नाही: कंपनीचा पासवर्ड आणि कंपनीची लफडी टेबलावर आणायची नाहीत. वन वन बीनंतर एक वाटणी तेवढी ठरली. दर महिन्याला एकाने आपल्याकडे अपडेट आधी मारायचं, बाकीच्यांनी त्याच्या फोनची वाट पाहायची. ज्याची पाळी असेल त्याचा चहा फुकट.

विंडोज १०चा आधार सुटला तो १४ ऑक्टोबर २०२५ला, ऐन वसुबारसेच्या आठवड्यात. विंडोज ११ला ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा. माझ्याकडचे तेवीस पीसी त्यात बसेनात. कंपन्यांना पैसे भरून मुदतवाढ मिळते, पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. सहा लिनक्सवर टाकले; टॅलीवाल्यांना तो रस्ता नव्हता. त्यांच्यासाठी नवे घेतले आणि मालक आठवडाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. “चालतोय ना? मग?” या वाक्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

कारण टूलरूममधलं धातू कापणारं व्हीएमसी मशीनही चालतंय. त्याच्या कंट्रोलवर विंडोज एक्सपी आहे, ज्याचा आधार ८ एप्रिल २०१४ला गेला. मशीनचं लोखंड ठणठणीत, कंट्रोल बदलायचा तर काही लाख. नवे पीसी आणले तेव्हा प्रोग्रामरला मशीनचं फोल्डर दिसेना, त्याने दोन दिवस केबलला दोष दिला. खरं कारण असं की फाइल वाटण्याची जी जुनी पद्धत एक्सपीला कळते तीच वॉनाक्रायची वाट होती आणि २०१७च्या अखेरीपासून नवी विंडोज ती सहसा आपणहून बसवत नाही. मधे एक जुना पीसी लिनक्स टाकून बसवला. एका कानाने तो नवी भाषा ऐकतो, दुसरीकडे जुनी बोलतो. इंटरनेट त्याला नाही.

भीती असते ती त्या मशीनच्या ४० जीबीच्या डिस्कची. तसल्या आणखी दोन सिन्नरवाल्याने अंबड लिंक रोडचा भंगार बाजार होता त्या काळात घेऊन ठेवल्या होत्या, त्या आता माझ्या ड्रॉवरमध्ये वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या आहेत. नक्कल काढायची तर मशीन थांबायला हवं आणि ते वर्षातून एकदाच थांबतं, दसऱ्याला. सकाळी सगळे शॉप फ्लोअर धूत असतात, मी कंट्रोलच्या पेटीत डोकं खुपसून. बाहेर झेंडूचा हार, हळद-कुंकवाचं ताट, आणि सेटर नारळ हातात घेऊन उभा.

“साहेब, फोडू का?”

“ऐंशी टक्के झालंय. थांब जरा.”