वीजसंहितेची परिभाषा कोणासाठी?

घर घेताना फरशीची आणि नळांची चौकशी कसून होते. भिंतीत गाडलेल्या तारांविषयी मात्र ‘कन्सील्ड वायरिंग आहे’ एवढ्यावरच समाधान मानले जाते. वायरिंगसाठी आयएस ७३२, अर्थिंगसाठी आयएस ३०४३ ही मानके आहेत. १९८५ पासून राष्ट्रीय वीजसंहिताही आहे. उणीव आहे ती त्यांची परिभाषा ग्राहकापर्यंत पोहोचण्याची.

एमसीबी बसवला की घर सुरक्षित झाले, हा समज सार्वत्रिक आहे. वस्तुतः एमसीबी तारेचा रक्षक आहे. भार वाढला किंवा शॉर्टसर्किट झाले की तो प्रवाह तोडतो. २३० व्होल्टच्या तारेला स्पर्श झाला आणि देहाचा रोध सुमारे १,००० ओहम धरला, तर देहातून जेमतेम पाव अँपिअर प्रवाह वाहतो. तो जीव घेऊ शकतो, पण १६ अँपिअरच्या एमसीबीच्या लेखी नगण्य ठरतो. माणसाचा रक्षक आरसीसीबी. फेजमधून गेलेल्या आणि न्यूट्रलमधून परतलेल्या प्रवाहात ३० मिलिअँपिअरची तफावत पडताच तो वीज तोडतो.

‘न्यूट्रल’ आणि ‘अर्थ’ यांचीही अशीच गल्लत होते. न्यूट्रल हा प्रवाहाचा नित्याचा परतीचा मार्ग. अर्थ केवळ दोष उद्भवल्यावर उपयोगी पडणारा. सॉकेटमधील अर्थची जागा न्यूट्रललाच जोडली, तरी फ्रिज चालतो. मात्र मागे कोठे न्यूट्रल तुटले, की फ्रिजच्या पत्र्यातच वीज उतरते.

वस्तूचा दर्जा विक्रेत्यालाच ठाऊक असेल, तर बाजारात निकृष्ट माल चांगल्याला हुसकावतो, असे जॉर्ज अकर्लॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवले. भिंतीआडच्या तारा हा तर त्याहून झाकलेला माल. अर्थची तार वगळून वाचलेला पैसा बांधणाऱ्याचा; जोखीम राहणाऱ्याची.

स्थावर संपदा कायदा, २०१६ अन्वये ताब्यापासून ५ वर्षांत निदर्शनास आणलेले कारागिरीचे व दर्जाचे दोष विकासकाने विनामूल्य दुरुस्त करावयाचे आहेत. परंतु ज्या दोषाचे नावच ठाऊक नाही, त्याची तक्रार कोण करणार? म्हणून ताबापत्रासोबत तारांचा आराखडा, अर्थिंगच्या चाचणीचा निकाल आणि प्रत्येक उपकरणाचे कार्य सुबोध मराठीत देणे बंधनकारक व्हावे. खर्च काही कागदांचा आहे. हक्क वापरता येण्याजोगा होईल तो त्यातूनच.