घरच्या गॅरेजात पद्मिनी

गाडी कोणती?
वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची. १९६४मध्ये ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून आली, १९७४पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगलगत, चारही चाकांना ड्रम ब्रेक. मुंबईतली नोंदणीकृत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये सेवेतून गेली.

आधी पत्रा, मग इंजिन
- या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. त्यामुळे तळाचा पत्रा आणि दारांखालच्या पट्ट्या गंजल्या, तर प्रश्न केवळ दिसण्याचा उरत नाही.
- गंज झाकायला भरलेल्या जाड पुट्टीवर चुंबक चिकटत नाही. गंज हुडकायची ही सर्वांत स्वस्त तपासणी.
- दारांखालची पट्टी कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा आधार वेल्ड करतात. नाहीतर बॉडी वाकते आणि दारं पुन्हा नीट बसत नाहीत.
- नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. स्टँड हवेतच.
- वेल्डिंगपूर्वी बॅटरी आणि पेट्रोलची टाकी काढावी.

फरक
*रिस्टोरेशन:* गाडी मूळ कारखान्यातल्या रूपात परत आणणं.
*रेस्टोमॉड:* रूप जुनं, यंत्रं नवी.

कागदपत्रं
२०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या दुचाकी-चारचाकीला ‘विंटेज’ नोंदणी मिळते. क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरं, शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं आणि दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर आणता येते.