चमक खड्याची, करामत पाठीची

हाताने बनवलेल्या शुभेच्छापत्रावर किंवा राखीवर लावायचा पांढरा खडा चिकटवण्याआधी एकदा उलटा करून पाहावा. पुढून लखलखणाऱ्या या काचेची पाठ सपाट आणि निस्तेज असते, राखाडी नाहीतर फिकट सोनेरी. गोंद लावण्यापुरताच तिच्याशी आपला संबंध येतो. पण खड्याची सगळी मिजास त्या पाठीच्या जिवावर चालते, आणि खडे काळे पडले, पांढरट झाले, गळून गेले या नेहमीच्या तक्रारींचे मूळही बहुतेक वेळा तिथेच सापडते.

हिऱ्याला अशा पाठीची गरज नसते. त्याचा अपवर्तनांक 2.42. आत शिरलेला प्रकाश मागच्या पैलूवर साधारण 24 अंशांहून जास्त तिरका पडला की तो बाहेर न जाता पूर्ण परावर्तित होतो. साध्या काचेचा अपवर्तनांक 1.5 च्या आसपास, आणि तिथे हीच मर्यादा जवळजवळ 42 अंशांवर जाते. म्हणजे काचेत शिरलेला बराचसा प्रकाश मागच्या मागे निसटतो. त्यात कार्डावर लावायचा खडा पाठीला सपाट, प्रकाशाला वळवून परत पाठवणारे मागचे पैलू त्याला नाहीतच. म्हणून पाठीला आरसा लावतात. चांगल्या खड्याच्या पाठीवर चांदीचा अतिशय पातळ थर असतो, त्यावर तांब्याचा, आणि दोन्हींना हवेपासून व ओलाव्यापासून जपणारा रंगासारखा लेप. आपल्याला दिसते ती निस्तेज बाजू या लेपाची. पैलू प्रकाश मोडतात, आरसा तो परत फिरवतो आणि बाहेर पडताना पैलू त्याला पुन्हा मोडतात.

ही युक्ती आपल्याकडच्या कुंदनकामात फार पूर्वीपासून आहे. कुंदनाच्या दागिन्यात खड्याची मागची बाजू बंद असते आणि खड्याखाली चकाकता वर्ख बसवलेला असतो. जेमतेम पैलूंचा पोलकी हिरासुद्धा त्या वर्खाच्या जोरावर उजळतो. अठराव्या शतकातले युरोपातले जवाहिरेही खरी रत्ने अशाच बंद कोंदणात, वर्खावर बसवत. खोट्या खड्यांना आपण नाक मुरडतो, पण पाठीमागून मदत घेण्याची सवय खऱ्यांनाही होती.

अशा खोट्या खड्यांचे ऱ्हाइनस्टोन हे इंग्रजी नाव ऱ्हाइन नदीवरून पडले. तिच्या पात्रात सापडणारे स्फटिकाचे गोटे घासून दागिन्यांत वापरले जात. काचेचा खेळ पुढचा. स्ट्रासबुर्गजवळ 1701 मध्ये जन्मलेला जॉर्ज फ्रेडरिक स्ट्रास हा जवाहिऱ्या पॅरिसला आला आणि 1730 च्या सुमारास शिसे मिसळलेल्या काचेपासून हिऱ्यासारखे खडे बनवू लागला. शिशाने काच जड होते, तिचा अपवर्तनांक वाढतो, पांढऱ्या प्रकाशातले रंग ती अधिक फाकवते आणि मऊ असल्याने पैलूही सहज पाडता येतात. पॅरिसच्या श्रीमंतांना हे खडे इतके भावले की 1734 मध्ये स्ट्रासला राजाचा जवाहिऱ्या हा किताब मिळाला. फ्रेंच आणि जर्मनमध्ये अशा खड्याला आजही स्ट्रासच म्हणतात.

तरीही हे काम हाताचे, म्हणून सावकाशीचे होते. ते यंत्रावर आणले बोहेमियातल्या एका काच घासणाऱ्याच्या मुलाने. आज चेक प्रजासत्ताकात असलेले याब्लोनेत्स, जर्मन नाव गाब्लोन्झ, हे काचेच्या मण्यांचे आणि दागिन्यांचे शहर. त्याच्या आसपासच्या गावांत घरोघरी काच दाबणारे आणि घासणारे कारागीर होते. तिथेच 1862 मध्ये डॅनिएल स्वारोव्स्कीचा जन्म झाला. 1883 मध्ये व्हिएन्नाला विजेचे मोठे प्रदर्शन भरले होते. ते पाहून आल्यावर विजेवर पैलू पाडण्याचा ध्यास त्याने घेतला आणि 1892 मध्ये आपल्या यंत्राचे पेटंट मिळवले. तीन वर्षांनी त्याने दोघा भागीदारांसह ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांतात, वॉटेन्स या गावी कारखाना काढला. डोंगरातल्या पाण्यावर वीज मिळत होती, आणि बोहेमियातले नक्कल करणारे शेजारीही लांब राहत होते. मला यातले दुसरे कारण जास्त प्रामाणिक वाटते.

गाब्लोन्झची कथा मात्र वेगळ्या वळणाने गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या जर्मन भाषिकांना देश सोडावा लागला. त्यातल्या कारागिरांनी बव्हेरियातल्या काउफबॉयरेनजवळ नवी वस्ती उभारून तिला नॉयगाब्लोन्झ, म्हणजे नवे गाब्लोन्झ, असे नाव दिले आणि काम पुन्हा सुरू केले. याब्लोनेत्स परिसरातले अनेक कारखाने 1948 मध्ये एकत्र करून प्रेसिओसा ही कंपनी झाली. आज चीनमधल्या झेज्यांग प्रांतातले पुज्यांगही या धंद्यात मोठे आहे. स्वारोव्स्की कंपनीने 2012 पासून खड्यातले शिसे काढून टाकले आणि 2020 मध्ये हौशी कारागिरांना सुटे खडे पुरवणाऱ्या घाऊक व्यापारातून अंग काढून घेण्याचे जाहीर केले. तेव्हापासून कार्डे करणाऱ्या बऱ्याच जणी प्रेसिओसाच्या नाहीतर चिनी खड्यांकडे वळल्या.

इंद्रधनुषी खड्यांबद्दलही सांगायला हवे. 1956 मध्ये स्वारोव्स्कीने फॅशनकार ख्रिस्तियन दियोर यांच्यासोबत ‘अरोरा बोरिआलिस’ नावाचा लेप आणला. खड्याच्या पुढच्या बाजूवर बसणाऱ्या या धातूच्या थराची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या हिशोबातली असते, म्हणून पावसाळ्यात डबक्यावर सांडलेल्या तेलासारखे रंग त्यावर फिरतात. दुकानात पुडीवर ‘एबी’ लिहिलेले असते ते हेच.

भुलेश्वरला किंवा पुण्याच्या बोहरी आळीत खडे घ्यायला गेलात तर मापे एसएस या अक्षरांत सांगतात. एसएस 6 म्हणजे साधारण 2 मिलिमीटर, एसएस 16 म्हणजे 4, एसएस 30 म्हणजे सहाच्या वर. पुडी ग्रोसची, म्हणजे 144 नगांची. अ‍ॅक्रिलिकचे खडे साच्यातून निघतात. त्यांच्या पैलूंच्या कडा गोलसर असतात आणि चमक मऊ, पण वजन नगण्य असल्याने पातळ कागदाला ते जड होत नाहीत. काचेचा खडा ओठाला लावला तर गार लागतो, प्लास्टिकचा लागत नाही.

आता गोंद, कारण पाठीचे नशीब तोच ठरवतो. झटपट चिकटणारा सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद सगळ्यांच्या घरात असतो आणि खड्यांसाठी तो सर्वांत वाईट. वाळताना त्याची वाफ उडते आणि शेजारच्या काचेवर पांढरी धूसर झाक बसवते. शिवाय तो ठिसूळ, कार्ड वाकले की खडा टणकन उडतो. पांढरा गोंद पाण्यातला असतो. काचेतून आणि धातूच्या थरातून पाणी जाऊ शकत नाही, ते फक्त कागदातून बाहेर पडते. म्हणून खड्याखाली तो फार वेळ ओला राहतो, कागद फुगतो, आणि रेंगाळलेला ओलावा लेपाला गेलेल्या एखाद्या चऱ्यातून आरशापर्यंत पोचला तर चांदी काळवंडते. मग खडा पुढून कितीही पुसा, तो मेलेलाच दिसतो. खड्यांसाठी मिळणारा पारदर्शक, लवचिक, द्रावकातला गोंद बरा. त्याला वास असतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवावी. हात लावायला तो लवकर सुकतो, पण पूर्ण ताकद यायला एक ते तीन दिवस लागतात, आणि ही वाट पाहणेच लोकांना जमत नाही.

खडे आडव्या खाचांच्या पसरट ताटलीत ओतून ती हलके हलवली की बहुतेक खडे आपोआप तोंड वर करून बसतात. मेण लावलेल्या पेन्सिलीचे टोक खड्याच्या माथ्याला टेकवायचे, खडा चिकटून उचलला जातो. गोंद कार्डावर टाचणीने ठेवायचा, तोही इतकाच की खडा दाबल्यावर तो पसरत कडेपर्यंत येऊन थांबेल. कडेला गोंदाची अगदी बारीक कड दिसली की माप बरोबर साधले. कमी पडला तर खडा फक्त मध्यावर धरला जातो आणि नख लागताच सुटतो. जास्त झाला तर गोंद पैलूंवर चढतो आणि तिथला प्रकाश मारतो. मोठे खडे आधी, बारीक मागाहून त्यांच्या फटीत.

पांढऱ्या कागदावर पांढरा खडा बऱ्याचदा करडा दिसतो, कारण भोवतालचा कागद त्याच्यापेक्षा उजळ असतो. गडद निळ्या किंवा जांभळ्या कार्डावर तोच उठून दिसतो. माझ्या मते एका कार्डाला पाच-सात खडे पुरे. संपूर्ण मजकुराला चौकट केली की प्रत्येक खडा दुसऱ्याची चमक खातो.

महाराष्ट्रात या खड्यांचे सर्वांत मोठे काम कार्डांवर नाही, गणपतीच्या मूर्तींवर चालते. रंगकाम झाल्यावर मुकुट, बाजूबंद, सोंडेवरचे नक्षीपट्टे यांवर एकेक खडा बसवला जातो. लोक त्याला ‘डायमंड वर्क’ म्हणतात आणि ते करणाऱ्यांत स्त्रिया पुष्कळ. उभ्या, वक्र, नुकत्याच रंगवलेल्या पृष्ठभागावर खडा घसरू न देता बसवणे हे कागदावरच्या कामापेक्षा कितीतरी कठीण आहे. विसर्जनाआधी मात्र हे खडे आणि प्लास्टिकच्या पट्ट्या काढून घ्याव्यात. नाहीतर माती विरघळली तरी ते तळाशी तसेच राहतात.

कार्ड टपालाने पाठवायचे असेल तर खड्यांवर पातळ फोमचा किंवा जाड पुठ्ठ्याचा तुकडा ठेवावा, कारण टपाल कार्यालयातला शिक्का जोरात बसतो आणि काच तडकू शकते. तिकीट पाकिटाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात लागते, शिक्काही तिथेच पडतो. कार्ड पाकिटात घालताना खडे खालच्या डाव्या बाजूला येतील असे घालावे.